बहार धरण्यापूर्वी बाजार धरावा

उद्योग लहान असो की मोठा, त्याचा आरंभ कोठून होतो असे विचारले तर बहुतेक जण भांडवलाचे नाव घेतील. कोणी जागेचे घेतील, कोणी यंत्राचे. गिऱ्हाइकाचे नाव पहिल्याने घेणारा क्वचितच भेटतो. माल चांगला असला म्हणजे तो कोठेतरी खपेलच, हा आपल्या खेड्यापाड्यांतील जुना विश्वास आहे. ह्या विश्वासापायी वर्षभराचे कष्ट एखाद्या दुपारी, समोरचा माणूस म्हणेल त्या भावाने विकले जातात. आणि मुलांचे शिक्षण, घराची दुरुस्ती, सोसायटीचे कर्ज हे सर्व त्या एका दुपारवर अवलंबून राहते. म्हणून विक्रीची योजना हा विषय केवळ पेढीवर बसणाऱ्यांचा नव्हे. तो प्रत्येक कष्टकरी कुटुंबाचा आहे. त्याचा विचार आज आपण पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन मराठी गावांच्या उदाहरणाने करू.

राज्याची सीमा आणि बाजाराची वाट

सातपुड्याच्या दक्षिणेस, महाराष्ट्राच्या सीमेला लागून ही दोन्ही गावे वसली आहेत. ती मध्य प्रदेशात आहेत, परंतु तेथील कितीतरी घरांत मराठीच बोलली जाते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच त्यांच्याही राज्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेनंतर सरकारी कामकाजाची वाट भोपाळकडे वळली. पुढे ५ ऑक्टोबर २०२३ रोजी ही दोन तहसिले छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळी होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

कचेरीची वाट अशी बदलत गेली, तरी बाजाराची वाट नागपूरकडेच राहिली. पांढुर्णा हे नागपूर–इटारसी ह्या मुख्य लोहमार्गावरील स्थानक आहे. सौंसर नागपूर–छिंदवाडा मार्गावर आहे. तेथील जुनी अरुंद रुळांची गाडी २०१५ मध्ये थांबली आणि तिच्या जागी रुंद रूळ आले. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची वस्ती चोवीस लाखांवर होती. एवढी मोठी खाणारी तोंडे इतक्या जवळ असणे, हे ह्या मुलखाचे भाग्य आहे. ह्या भाग्याचा उपयोग कसा करून घ्यावा, हा खरा प्रश्न होय.

ह्या पट्ट्याचे मानाचे फळ म्हणजे संत्रे. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ ह्या योजनेत छिंदवाडा जिल्ह्यासाठी संत्र्याची निवड झाली, तिच्यामागे ह्याच दोन तहसिलांतील बागा होत्या.

बागाईतदाराची दूरदृष्टी

संत्र्याच्या बागेकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. योजना करणे म्हणजे काय, हे बागाईतदाराला कोणी शिकवण्याची गरज नाही. कलम लावल्यापासून विकण्याजोगे फळ हाती येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोपर्यंत तो खड्डे भरतो, आळी करतो, पाणी देतो, डिंक्या रोगापासून खोडे जपतो.

झाड फळावर आल्यानंतरही तो सर्व काही निसर्गावर सोडत नाही. संत्र्याचा बहार ‘धरावा’ लागतो. अंबिया बहार धरावयाचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत झाडाचे पाणी तोडावे लागते. जमिनीचा पोत पाहून महिना ते दोन महिने हा ताण द्यावा लागतो. पाने मलूल होतात, नवख्याला वाटते की झाड वाळत चालले. परंतु जाणता बागाईतदार डगमगत नाही. ताण पुरा झाला की तो मशागत करतो, खत घालतो, पाणी सोडतो, आणि झाड फुलांनी भरून जाते. त्या फुलांची फळे दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतर बाजारात येतात. मृग बहार धरावयाचा असेल तर उन्हाळ्यात ताण देऊन पावसाबरोबर फुले घ्यावयाची. ती फळे पुढच्या वर्षी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत उतरतात.

म्हणजे आपल्याला फळ केव्हा हवे, हे हा मनुष्य आठ-नऊ महिने आधी ठरवतो, आणि त्या निश्चयासाठी झाडाला तहानेलेही ठेवतो. इतकी दूरदृष्टी ज्याच्या अंगी आहे, तोच मनुष्य फळ कोणास विकावे हे मात्र फळ पिवळे होईपर्यंत ठरवत नाही. एखादा व्यापारी बागेत येतो, झाडांवरून नजर फिरवतो, एक आकडा सांगतो, इसार देतो, आणि वर्षाचा सौदा होऊन जातो. आपल्याला म्हणावयाचे आहे ते एवढेच: जी दृष्टी बहाराला लावली, तीच बाजाराला लावावी, आणि तीही बहार धरण्याच्या वेळीच लावावी.

एका एकराचा हिशेब

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मग व्यापाऱ्याला टाळावे काय?’ ह्याचे उत्तर रागाने देऊ नये, हिशेबाने द्यावे. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपापले आकडे घालावेत.

सहा मीटर अंतरावर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडे बसतात. समजा, झाडामागे ५० किलो फळ आले. एकूण ५५ क्विंटल झाले. व्यापारी झाडावरच किलोला २० रुपये देत असेल, तर हाती १,१०,००० रुपये येतात. तोडणी, भरणे, वाहतूक सर्व त्याच्या माथी.

आता हाच माल घरच्यांनी उतरवून प्रतवारी केली असे समजू. मोठे फळ २० क्विंटल, भाव ३५ रुपये. त्याचे ७०,००० रुपये. मध्यम फळ २५ क्विंटल, भाव २४ रुपये, त्याचे ६०,०००. बारीक फळ १० क्विंटल, भाव १० रुपये, त्याचे १०,०००. एकूण १,४०,००० रुपये. हा आकडा पाहून मन हरखते. परंतु तोडणी, क्रेट, गाडीभाडे आणि इतर खर्च किलोमागे ४ रुपये धरला तर २२,००० रुपये वजा होतात आणि हाती १,१८,००० उरतात. झाडावरच्या सौद्याहून अवघे ८,००० अधिक, आणि त्यासाठी पावसाची, गारपिटीची व मालाच्या नासाडीची जोखीम आपल्या शिरावर. झाडावरचा सौदा नेहमीच वाईट असतो असे नाही, हे ह्यावरून दिसेल. ज्याच्या घरी माणसे कमी आहेत, त्याच्यासाठी तो शहाणपणाचाही असू शकतो. तो न मोजता करणे, हा मात्र दोष.

आता आणखी एक पाऊल पुढे जाऊ. मोठ्या फळांपैकी फक्त ५ क्विंटल नागपुरातील कुटुंबांना थेट विकले, भाव ६० रुपये घेतला, तर १७,५०० रुपयांच्या जागी ३०,००० येतात. जास्तीची बांधणी व पोहोचवणूक किलोमागे ५ रुपये, म्हणजे २,५०० रुपये वजा केले, तरी १०,००० रुपये अधिक मिळतात. एकूण हाती १,२८,०००. लक्षात घ्यावे की, ५५ क्विंटलांपैकी केवळ ५ क्विंटलांनी हे घडवले. बाकीचा सर्व माल पूर्वीप्रमाणे बाजारातच गेला.

ध्येय कसे लिहावे

हे ५ क्विंटल म्हणजे किती घरे? घरटी ५ किलो धरले तर शंभर घरे. येथे आपले ध्येय सापडले. ‘यंदा चांगला भाव मिळवायचा’ हे ध्येय नव्हे. ती इच्छा आहे. ‘डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नागपुरातील शंभर घरी प्रत्येकी पाच किलो मोठे फळ, साठ रुपयांच्या भावाने पोहोचवायचे’ हे ध्येय होय. त्यात गिऱ्हाईक आहे, माप आहे, भाव आहे, तारीख आहे. अमुक दिवशी ते साधले की नाही, हे घरातील शाळकरी मुलगीही सांगू शकेल.

आणि एवढे स्पष्ट लिहिले की, पुढची कामे आपोआप दिसू लागतात. शंभर घरे कोठून आणावयाची? आपले कोणते आप्त नागपुरात राहतात? कोणत्या वसाहतीत कोणी ओळखीचा शिक्षक, परिचारिका, रेल्वेचा कर्मचारी आहे? तो आपल्या शेजारची दहा घरे जोडून देईल काय? दहा माणसांनी दहा-दहा घरे जोडली की शंभर झाली. ही यादी बहार फुलावर असतानाच करावी. ऑगस्टात त्यांना निरोप द्यावा. ऑक्टोबरात मागणी लिहून घ्यावी. फळ उतरण्याच्या आठवड्यात दिवस कळवावा. आज घरोघरी मोबाईल असल्याने हे काम पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. मात्र प्रत्येक कामापुढे ते कोण करणार हे लिहिले पाहिजे. तोडणी वडिलांची, प्रतवारी आईची आणि काकूंची, मागणीची वही थोरल्या मुलीची. ‘आपण सगळे मिळून पाहू’ असे ठरलेले काम पुष्कळदा कोणीच पाहत नाही.

पहिल्या वर्षी शंभर घरे जड वाटली तर वीस घ्यावीत. ध्येय लहान असल्याने कोणाची मानहानी होत नाही.

सात जणी आणि चार पुडकी

ह्या बाबतीत मुंबईची एक गोष्ट प्रत्येक घरी सांगण्यासारखी आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेतले आणि इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. ती त्यांनी भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली. आरंभी त्या दोन प्रकारचे पापड करीत. एक चांगल्या प्रतीचा आणि दुसरा स्वस्तातला, हलक्या प्रतीचा. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख ह्यांनी सल्ला दिला की, एकच उत्तम प्रत ठेवा आणि तिच्यात कधीही तडजोड करू नका. त्यांनी तो मानला.

पहिल्याच वर्षी पावसाळा आडवा आला. पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. काम चालू राहिले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती. हाच तो लिज्जत पापड. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

ह्या गोष्टीतील खाट आणि स्टोव्ह विसरू नयेत. गेल्या वर्षी कोणत्या महिन्यांत आपले उत्पन्न थांबले होते, आणि येत्या वर्षी ते थांबू नये म्हणून कोणती एक साधी वस्तू किंवा व्यवस्था पुरेल, एवढा एक प्रश्न जरी वर्षातून एकदा घरी बसून विचारला, तरी अर्धी योजना झाली.

एकाच दारावर विसंबू नये

साध्या हवेत संत्रे सात ते दहा दिवस टिकते. योग्य शीतगृहात ते सुमारे दीड महिना राहते. फळ नाशवंत असल्याने ज्याच्यापाशी एकच गिऱ्हाईक असते, त्याला वाट पाहणे परवडत नाही. ह्याचा कटू अनुभव साऱ्या संत्रा पट्ट्याने घेतला आहे. नागपुरी संत्र्याचा बांगलादेश हा फार मोठा ग्राहक होता. २०१९ नंतर त्या देशाने आयातशुल्क वाढवत नेले, आणि तिकडे जाणारा माल देशी बाजारात येऊन भाव पडले. दूरच्या देशातील एका निर्णयाची झळ सीमेवरच्या लहान बागेलाही लागते. म्हणून योजनेत विक्रीची निदान तीन दारे असावीत: घाऊक बाजार, थेट घरगुती गिऱ्हाईक, आणि बारीक फळासाठी रस, सरबत किंवा मुरंबा करणारा एखादा उद्योग.

बारीक किंवा नाशवंत मालाचे टिकाऊ माल करणे ही काही नवी विद्या नव्हे. वसईकडील वाचकांना आगाशीची सुकेळी ठाऊकच आहेत. पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, बांधून ठेवली की चार दिवसांचे फळ कित्येक दिवसांचे होते आणि दूरवर जाऊ शकते. संत्र्याची रीत निराळी असली, तरी त्यामागचा विचार तोच.

दुसरी गोष्ट नावाची. ह्या मुलखातील फळ बाजारात पुष्कळदा ‘नागपुरी’ म्हणूनच विकले जाते. ते खाऊन तृप्त झालेला मनुष्य पुन्हा शोधू लागला, तर त्याने कोणाला शोधावे? जिल्हा प्रशासनाने ‘सतपुडा ऑरेंज’ ह्या नावाने येथील फळाला ओळख देण्याचा प्रयत्न केला, तो ह्याच कारणासाठी. घरच्या पातळीवर हे काम आणखी सोपे आहे. पेटीत बागेचे नाव, गाव आणि दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी घालावी. मात्र वरच्या थरात मोठे फळ आणि खाली बारीक, असे एकदा जरी केले, तर ती चिठ्ठीच आपल्याविरुद्ध साक्ष देईल.

दुकानदाराचे आणि कारागिराचे काय?

हा विचार केवळ बागाईतदारांपुरता नाही. शिंपी, सुतार, पिठाची गिरणी, किराणा, कुक्कुटपालन, शिवणवर्ग, कोणताही व्यवसाय घ्या; त्यालाही बहार असतो. शाळेचे गणवेश जूनमध्ये लागतात. म्हणजे शिंप्याने शाळेला एप्रिलात भेटले पाहिजे. पोळ्याला बैलांचा साज लागतो. तो विणणाऱ्याचे काम आषाढातच उरकले पाहिजे. सौंसरजवळील जामसावळी येथे हनुमानाच्या दर्शनासाठी मंगळवारी आणि शनिवारी दूरदूरचे लोक येतात; वाटेवरील खाणावळवाल्याने सोमवारी आणि शुक्रवारी किती पीठ भिजवावे हे त्यावरून ठरते. प्रत्येकाने एका कागदावर बारा महिने लिहून आपल्या गिऱ्हाइकाची गरज केव्हा उत्पन्न होते ते मांडावे. गरज उत्पन्न झाल्यावर माल करणारा नेहमी उशीरच करतो.

माल चांगला आहे, आपण होऊनच खपेल, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आठवावेत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी उत्तम नांगर तयार केले. परंतु लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. नांगर चांगला करणे हे एक काम, आणि तो चांगला आहे हे शेतकऱ्याला पटवून देणे हे दुसरे. दुसऱ्या कामासाठीही वेळ, खर्च आणि धीर आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो.

लहान दुकानाचा खरा शत्रू पुष्कळदा उधारी हा असतो. विक्री भरपूर, पण गल्ला रिकामा. शेजारधर्म सोडावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु महिन्याला एकूण किती उधारी द्यावयाची, ह्याचा आकडा ध्येयाच्या वहीत असलाच पाहिजे. मर्यादा आधीच लिहिलेली असली की नकार देणे सोपे जाते, आणि संबंधही तुटत नाहीत.

एकट्याने जे होत नाही

काही गोष्टी एकट्याच्या आवाक्यात नसतात. शीतगृह, प्रतवारीचे यंत्र, पूर्ण गाडी भरेल एवढा माल, हे दहा घरांनी मिळून साधते. २००२ च्या कायद्याने किमान दहा उत्पादकांना एकत्र येऊन स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची मुभा दिली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी देशभर दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजनाही सुरू झाली. आपल्या समाजाला ही वाट अपरिचित नाही. १९१८ मध्ये वसईच्या पापडी गावी मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस ह्यांच्या पुढाकाराने जी लहानशी सहकारी पतसंस्था निघाली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. लहान रकमा एकत्र आल्या म्हणजे त्यांचे बळ वाढते. लहान मालाचेही तसेच आहे. परंतु एकत्र येण्यापूर्वी प्रत्येकाच्या वहीत स्वतःचा हिशेब असावा. हिशेब नसलेली दहा माणसे एकत्र आली तर त्यांची चिंताच तेवढी दसपट होते.

तेव्हा, वाचक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर घरातील सर्वांनी अर्धा तास एकत्र बसावे. शाळेची एक कोरी वही घ्यावी. पहिल्या पानावर पाच प्रश्न लिहावेत: आमचा माल कोण घेणार? किती घेणार? कोणत्या भावाने? कोणत्या तारखेस? आणि त्यासाठी घरातील कोणी काय करावयाचे? उत्तरे पेन्सिलने लिहावीत, कारण त्यांतील काही बदलावी लागतील. महिन्यातून एकदा ती वही पुन्हा उघडावी. जे साधले त्यापुढे खूण करावी, जे साधले नाही त्याचे कारण लिहावे. वर्षअखेर ती वही पुढच्या वर्षाची शिक्षिका होईल, आणि पुढच्या मोसमात व्यापारी बागेत येऊन आकडा सांगेल, तेव्हा त्याला हो म्हणावे की नाही, हे घरातील कोणालाही ती वही पाहून सांगता येईल.